जे लिहिले नाही, ते पूर्वीसारखे

कर्जत,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सानवी,

तुझे पत्र बुधवारी पोचले. दोनदा वाचले, एकदा मजकुरासाठी आणि एकदा शुद्धलेखनासाठी. दुसऱ्या वाचनात आढळलेल्या चार चुकांवर तांबड्या शाईने खुणा केल्या आहेत आणि ते पान सोबत परत पाठवीत आहे. नोकरी लागली म्हणून माझ्या वर्गातून कोणी सुटत नाही. तू तर पाचवीपासून दहावीपर्यंत याच घरात, माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून शिकलीस.

आता मजकुराविषयी. पुण्याच्या कचेरीत तुम्ही संगणकाच्या स्मृतीत माहिती दाबून बसवता, थोड्या जागेत अधिक मावेल असे करता, असे तू लिहितेस. हे काम मला अगदीच परके नाही. सारांशलेखन मी आयुष्यभर शिकवले. उताऱ्याचा एक तृतीयांश करावयाचा. मुले उदाहरणे गाळीत, विशेषणे गाळीत, आणि फार हुशार मुले लेखकाचे म्हणणेच गाळीत. परंतु त्या सारांशावरून मूळ उतारा जसाच्या तसा लिहून दाखव, असे मी कोणाला सांगितले असते तर वर्गात रडारड झाली असती. मग तुमचे यंत्र हे कसे साधते? की तेही विशेषणे गाळते आणि तुम्हांला पत्ता लागत नाही? सविस्तर कळव.

सोनाबाईचा संतोष गाडी घेऊन पुण्याला येणार आहे. त्याच्याबरोबर तुझी आजी नारळाच्या वड्या पाठवीत आहे. स्वयंपाकघरातून त्यासंबंधीचे संभाषण ऐकू येत आहे. सोनाबाई म्हणते, "आजी, साखर लय झाली गं. पोरीला शुगर व्हईल." त्यावर आजी, "तुला कोणी विचारलं? तू खोबरं खव."

खालची जागा नेहमीप्रमाणे तिच्यासाठी सोडली आहे.

तुझा,
मधूआजोबा

*सानवी, तांबड्या शाईकडे लक्ष देऊ नकोस, यांना दुसरा उद्योग नाही. वड्या एकटीने खाऊ नकोस, मैत्रिणींना दे. केस कापलेस ते सोनाबाईने फोटोत पाहिले, मला का नाही दाखवलेस? डबा पितळी कडीचा आहे, माझ्या आईचा, खालापूरचा. डबा परत आण. – आजी*


पुणे,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. मधूआजोबा,

तांबडं पान मिळालं. ऑफिसात माझ्या जागेसमोर लावलंय. येणारे-जाणारे विचारतात, हा कुठला नकाशा?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. सारांश ही कात्री आहे, आमची ती घडी. आजीची नऊवारी ट्रंकेत वीतभर जागेत बसते, पण उलगडली की काठापदरासकट सगळी बाहेर येते. एक धागा जरी कमी आला तरी आमच्याकडे तो गुन्हा.

घडी घालायच्या रीती पुष्कळ आहेत, माझी आवडती सांगते. तुम्ही पाकिटांवर पिनकोड लिहिता: कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. दरवेळी सगळे आकडे कशाला? पहिला पूर्ण लिहायचा, त्यानंतर नुसतं एक, दोन. त्या पहिल्याला पाया म्हणायचं, बाकीचे त्याच्यापासूनचे फरक. स्मृतीत असे एकमेकांसारखे आकडे शेजारी शेजारी पडलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत बरंच जास्त मावतं. शिवाय जे बराच वेळ कोणी मागितलेलं नाही त्याची घडी घालून कोपऱ्यात ठेवायचं आणि कोणी मागितलं की उलगडायचं. उलगडायला जरा वेळ लागतो. तेवढीच त्याची किंमत.

आता दुसरं. कंपनी मला तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला पाठवू म्हणतेय. सप्टेंबरअखेर हो किंवा नाही सांगायचंय. मी एकच गोष्ट बघणार आहे: तुम्ही दोघं ठणठणीत असाल तर जाईन, नाहीतर नाही. फोनवर मला काही कळत नाही. आजी पहिल्यापासून "बरी आहेस ना? ठेवते" एवढंच बोलते. म्हणून तुम्ही पत्रातून खरं खरं कळवत राहा.

वड्या दोन दिवसांत संपल्या. डबा घासून कुरियरने पाठवलाय.

तुमची,
सानवी


कर्जत,
१६ मार्च २०२५

चि. सानवी,

कात्री आणि घडी हा भेद मला पूर्णपणे मान्य आहे. इतक्या वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याने मला इतके नेमके उत्तर दिले नव्हते. पिनकोडांचे उदाहरण मी सोनाबाईलाही सांगितले. ती म्हणाली, "मंग पोस्टमन काय करंल, बेरजा?" ही शंका मी तुझ्याकडे पाठवीत आहे.

तुमची रीत मी पत्रांना लावण्याचे ठरविले आहे. आज पायाची नोंद पूर्ण लिहितो. पुढे जे बदलेल तेवढेच लिहीन. जे लिहिले नाही, ते पूर्वीसारखेच आहे असे समजावे.

पाया येणेप्रमाणे. माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, कान अधू, बाकी प्रकृती उत्तम. तुझी आजी ठणठणीत. वर्तमानपत्रातले शब्दकोडे ती माझ्याआधी सोडवते आणि माझ्यासाठी मुद्दाम एक घर रिकामे ठेवते. स्वयंपाक तिचाच, वरकाम सोनाबाईकडे. संध्याकाळी आम्ही उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत जातो. डबा पोचला.

नेदरलँड्सविषयी मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नकोस असेही म्हणणार नाही. ते तुझे वाक्य आहे. त्याचे क्रियापद तूच ठरव.

तुझा,
मधूआजोबा

*वड्या कशा झाल्या? डबा परत आण. – आजी*


पुणे,
१२ एप्रिल २०२५

ती. मधूआजोबा,

सोनाबाईंना सांगा, बेरजा यंत्र करतं, आणि पोस्टमनपेक्षा पुष्कळ लवकर करतं.

पत्रांना आमची रीत लावलीत याचा मला कोण आनंद झाला. टीममध्ये वाचून दाखवलं. पण आजीला सांगा ना, डबा कधीच पोचलाय! वर तुम्ही "पोचला" लिहिलंय आणि खाली ती "परत आण" म्हणतेय. आमच्याकडे असं तेच तेच आलं की आम्ही खूश होतो. पुन्हा ठेवायला जागाच लागत नाही, "मागचंच" एवढी खूण पुरते. आजीच्या ओळीला मी तशी खूण केली आहे.

नवीन काम अंगावर आहे. मेमध्ये यायला जमणार नाही.

सानवी


कर्जत,
८ जून २०२५

चि. सानवी,

बदल पुढीलप्रमाणे. गुडघ्याला पट्टा बांधू लागलो. कैऱ्यांचे लोणचे यंदा सोनाबाईने घातले. शब्दकोड्याचा टाइप फार बारीक झाला, म्हणून ते बंद केले. संध्याकाळचे फिरणे पुलाऐवजी देवळापर्यंत. डब्याविषयी आजी लिहिते ते दुसऱ्या एका डब्यासंबंधी असावे. तिकडे लक्ष देऊ नकोस.

अन्य बदल नाही.

मधूआजोबा

*डबा परत आण. – आजी*


पुणे,
६ जुलै २०२५

ती. मधूआजोबा,

दुसरा डबा कुठला? माळा पालथा घातला. तीन डबे निघाले, तिन्ही माझेच, एकाचं झाकण मात्र कोणाचं ते कळेना. आजीला विचारून रंग तरी कळवा.

गणपतीला नक्की येते. आजीच्या हातचे मोदक खाल्ल्याशिवाय हो-नाही काही सांगणार नाही, असं साहेबांना सांगून ठेवलंय.

सानवी


कर्जत,
१० ऑगस्ट २०२५

चि. सानवी,

बदल नाही.

गणपतीला येण्याची दगदग करू नकोस. यंदा दीड दिवसाचाच आहे आणि तुझे काम महत्त्वाचे आहे.

मधूआजोबा

*डबा*


पुणे,
२४ ऑगस्ट २०२५

ती. मधूआजोबा,

काल तुमची सगळी पत्रं जमिनीवर ओळीने मांडली. वरचा मजकूर कागदाने झाकला आणि फक्त आजीच्या ओळी वाचल्या. फेब्रुवारीत पाच वाक्यं, मार्चमध्ये दोन, जूनमध्ये एक. ऑगस्टमध्ये एक शब्द, खाली नावही नाही. आणि अक्षर! तो शेवटचा "डबा" रेघ सोडून खाली घसरलाय.

पत्र आलं की मी ते फक्त मागच्या पत्राशी ताडून बघत होते. दोन वाक्यांनंतर एक आलं, त्यात काय एवढं? पहिल्याशी ताडून बघायला हवं होतं. त्या ओळीला मी "मागचंच" अशी खूण करून हसले होते, ती आधी खोडली.

कामावर येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगते. फरक कितीही लहान असला तरी लहान म्हणून शून्य लिहायचं नाही. आजचं कालच्याइतकंच, कालचं परवाइतकंच, असं म्हणत गेलात तर शेवटी उलगडून जे हातात येतं ते मूळ नसतं. कोणीच मोठी चूक केलेली नसते, आणि तरी सगळं चुकलेलं असतं.

लोणचं सोनाबाईंनी का घातलं? आजीने कधी कोणाला मिठाला हात लावू दिलाय? शब्दकोडं टाइप बारीक झाल्यामुळे बंद झालं, की आजीमुळे?

फरक नकोत. मला पायाची नोंद पुन्हा पूर्ण लिहून हवी आहे. आजच्या तारखेची. हो की नाही हे मला महिनाभरात सांगायचंय, आणि मी मार्चच्या आजीवरून ठरवत बसले होते.

सानवी


कर्जत,
३१ ऑगस्ट २०२५

चि. सानवी,

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. तांबड्या शाईची बाटली उघडली नाही.

पूर्ण नोंद लिहितो. आजीला विस्मरणाचा आजार आहे. डॉक्टरांनी जुलैअखेर निदान केले. तो बरा होत नाही, सावकाश वाढतो. तिला सकाळी नावे आठवतात, दुपारनंतर अडते. स्वयंपाक सोनाबाई करते. शब्दकोडे तिने स्वतः बाजूला सारले. टाइप पूर्वीइतकाच आहे.

मार्चमध्ये ती प्रथम एका शब्दासाठी अडली. "ते हे… ज्यात पीठ चाळतात ते," असे म्हणाली. मी ताबडतोब "चाळणी" म्हणालो. शिक्षकाची जन्माची सवय आहे. समोरचा अडला की पुढचा शब्द माझ्या तोंडून सुटतो. पुढच्या आठवड्यात ती दोनदा अडली. मागच्या आठवड्याच्या मानाने फरक एका शब्दाचा. एक शब्द काय कळवायचा? मी शून्य लिहिले. जूनपर्यंत हे मला प्रामाणिकपणे शून्यच वाटत होते. जुलैमध्ये जे घडले ते मात्र शून्य नव्हते आणि ते मी जाणूनबुजून गाळले.

त्याचा आरंभ तुझ्या कुरियरपासून आहे. डबा मार्चमध्ये आला. तिने झाकण उघडून आत पाहिले, बोट फिरवले आणि म्हणाली, "रिकामा आहे. हा आपला नव्हे." या घरातून गेलेला डबा रिकामा परत येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. चार शेंगदाणे का होईनात, आपण घालून देतो. आणि देतो तेही हाताने, दारात उभे राहून. पुड्यात बांधून आलेला रिकामा डबा तिने फळीवर परक्यासारखा ठेवला, आणि स्वतःच्या डब्याची वाट पाहू लागली. हे तुला कळविले असते तर तुला वाईट वाटले असते. म्हणून तेही शून्य लिहिले.

जुलैच्या एका सकाळी सोनाबाई बाजारात आणि मी पेन्शनीच्या कामाला गेलो असता तिने तो डबा खाली घेतला, त्यात चिवड्याचे कोरडे पोहे भरले आणि खोपोलीच्या टेंपोत बसली. टेंपोवाल्याने तिला खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर उतरविले. संतोष तेथे गाडी लावून उभा होता. त्यांचे बोलणे त्याने मला सांगितले ते जसेच्या तसे लिहितो.

"आजी! येकटी कुटं निंगालीस गं?"

"खालापूरला. डबा द्यायचा आहे."

"कुनाला?"

"ज्याचा आहे त्याला. आमच्याकडे चुकून आलाय."

"बरं. मी बी तिकडंच चाललोय. बस गाडीत."

तो तिला खरोखरच आधी खालापूरला घेऊन गेला. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. मी असतो तर सरळ घरी आणले असते. तिच्या माहेरच्या घरी आता दुसरी माणसे राहतात. ती अंगणात उभी राहिली, घराकडे पाहिले आणि संतोषला म्हणाली, "आई घरी नाही वाटतं. चल, पुन्हा येऊ."

घरी आल्यावर सोनाबाई तिला बोलली, "आजी, असं न सांगता जाऊ नकोस गं, म्हाताऱ्याचा जीव गेला असता." ती म्हणाली, "त्यांचा जीव एवढ्यानं जात नाही."

हे लिहिले नाही याचे कारण सरळ आहे. तू लिहिले होतेस की आम्ही ठणठणीत असलो तर जाशील. तू जावेस असे मला वाटत होते, आणि जा असे म्हणणार नाही असे मी लिहून बसलो होतो. म्हणून न लिहिण्याकडून ते काम करवून घेतले.

डबा संतोषबरोबर तुझ्याकडे पाठवीत आहे. त्यात तिने भरलेले पोहे अजून आहेत. ती कोणाला काढू देत नाही. तो रिकामा आणू नकोस, आणि तो आणायला दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस.

मधूआजोबा

(खालची जागा सोडली होती. आज तिने लिहिले नाही.)


पुणे,
२१ सप्टेंबर २०२५

ती. मधूआजोबा,

पुण्याला नीट पोचले.

तुमच्यासमोर बोलले नाही, ते आता लिहिते. दारात डबा हातात धरून उभी राहिले, तेव्हा आजी मला "बसा" म्हणाली. बसा! मग "चहा घेणार का?" असं विचारलं. डबा घेतला, "कशाला त्रास घेतलात" म्हणाली. चार दिवस मी तिच्या शेजारी बसले, केस विंचरले, आणि चारही दिवस मी कोणीतरी भली पाहुणी होते. निघताना तिने मला कुंकू लावलं, पाहुण्या बाईला लावतात तसं.

त्या पोह्यांबद्दल सांगायचं राहिलं. ते मी खाल्ले. नरमून गेले होते आणि मीठ दोनदा पडलं होतं. सगळे खाल्ले. मग डबा घासून बेसनाचे लाडू भरले, आयुष्यात पहिल्यांदा केलेले.

मंगळवारी उत्तर द्यायचंय. मी हो म्हणेन असं वाटतं. तिच्याजवळ मी उरलेलीच नसेन तर इथे राहून मी कोणासाठी राहणार? हे रागाने लिहीत नाहीये.

एक सांगू? तुम्ही तिला बोलूच देत नाही. ती तोंड उघडते आणि वाक्य तुम्ही पुरं करता. मायेनेच करता, पण तिचं उत्तर आत राहून जातं. यंत्रात कोपऱ्यातलं उलगडायला वेळ लागतो हे मीच तुम्हाला लिहिलं होतं. माणसाच्या डोक्यात तसंच काही असतं का, ते मला माहीत नाही, आणि माझ्या कामाची उपमा आजीला लावायची नाही असं मी ठरवलंय. तरी एकदा थांबून बघा.

सानवी


कर्जत,
२२ सप्टेंबर २०२५

चि. सानवी,

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून तुझ्याप्रमाणेच संतोषच्या हाती देत आहे. तू कळविण्यापूर्वी हे वाचावेस.

पूर्ण नोंद. सकाळी आजीने अंघोळ स्वतः केली. साडी उलटी नेसली. सोनाबाईने नीट करून दिली. वर्तमानपत्र तिने माझ्याकडून मागून घेतले, वाचले नाही, घडी करून मांडीवर ठेवले.

दुपारच्या चहाला तुझा डबा उघडला. तिने एक लाडू घेतला आणि अर्धा खाल्ला. मी विचारले, "कसा झालाय?" तिने तोंड उघडले आणि ती थांबली. "छान" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तुझे पत्र खिशात होते. मी तो शब्द गिळला. सोनाबाई मध्येच म्हणाली, "ग्वाड हाय ना गं आजी?" तिलाही मी हाताने थांबविले. ती मला म्हणाली, "काय वो बाबा, बोलू बी नको का?" मी म्हणालो, "नको." तिघे गप्प बसलो. ही शांतता मला वर्गात कधी सहन झाली नव्हती. माझ्या चहावर साय धरली.

मग आजी हातातल्या लाडवाकडे पाहत म्हणाली, "अहो, या सानवीला तूप घालायला कोणी शिकवलंच नाही का?"

सोनाबाईने पदर डोळ्यांना लावला.

हे औषध नव्हे. संध्याकाळी तिने मला, तुम्ही कोणाकडे आलात, असे विचारले. दोन्ही गोष्टी लिहीत आहे, कारण गाळण्याचा अधिकार मी आता स्वतःकडे ठेवलेला नाही. उद्या तिला तुझे नाव आठवेल असे मी म्हणत नाही. ते तिच्यापाशी आहे, एवढेच म्हणतो. तू तिच्याजवळ उरली नाहीस म्हणून जात असशील, तर ते कारण खोटे आहे. ते खोडून टाक. दुसऱ्या कारणाने जायचे असेल तर अवश्य जा. राहायचे असेल तर राहा. कोठेही असलीस तरी पत्र पूर्ण येईल. जे बदलले नाही तेही दरवेळी लिहीन.

खालची जागा सोडून कागद आणि पेन टेबलावर तिच्या बाजूला ठेवले आहेत. पेन हातात दिलेले नाही. संतोषला सांगितले आहे की थोडा थांब.

तुझा,
मधूआजोबा

*डबा मिळाला. तूप कमी. – आजी*